संथ केलेलं गाणं

आपल्या दुकानात चष्म्याची काडी गरम वाळूत खुपसून ती मऊ व्हायची वाट बघत उभी होती, तेवढ्यात समोरच्या स्टुलावर बसलेल्या मुलीच्या फोनमधून कुणीतरी तिच्याच आवाजात गाऊ लागलं. म्हणजे तिच्या आताच्या आवाजात. जाड, ओला, विहिरीच्या तळाशी बसून कुणी जड पेटारा ओढत असावा तसा. गाणं ओळखायला तिला जरा वेळच लागला, कारण एकेक शब्द इतका ताणलेला होता की तो संपून दुसरा येईपर्यंत माणसाने मागे वळून दार लावलंय ना ते बघून यावं. 'खिडकी… उघड ना… सखे…' आणि मग ओळख पटली तशी अंगावर सर्रकन काटा आला. हे गाणं तिच्या लग्नाच्या वर्षी घराघरात वाजायचं. लोक दाढी करताना म्हणायचे, शेजारीण कपडे वाळत घालताना म्हणायची, नवरा तर मुलांच्या वह्या तपासताना म्हणायचा आणि चुकीच्या उत्तरांनाही बरोबरच्या खुणा करून बसायचा. एका हसऱ्या, उंच, चांदीच्या आवाजाच्या बाईने गायलेलं गाणं. त्या बाईला कुणीतरी पाण्यात बुडवून, वर चिखल लिंपून पुन्हा गायला उभं केलं होतं. 'बाहेर… उजेड… उभा…' या ओळीला तर दाराबाहेर उजेड सोडून दुसरंच काहीतरी उभं आहे अशी खात्री पटत होती. वाळूतली काडी तिने बाहेर काढली ती पार कुत्र्याच्या शेपटीसारखी वळलेली.

"काय लावलंयस गं हे?"

"भीती वाटली ना काकू?" मुलगी खूश झाली. चष्मा नसल्यामुळे ती काकूंच्या ऐवजी काकूंच्या शेजारच्या कपाटाकडे बघून बोलत होती. "हल्ली अशी ढीगभर असतात. मूळ गाणं घ्यायचं, संथ करायचं, घुमवायचं, वर एखादं डोळे नसलेल्या बाहुलीचं चित्र लावायचं. मी याच्यावर अभ्यास करते."

"याच्यावर? असल्या रडण्यावर?"

"मूळ गाणं लावलं की मीच गायला लागते. हे लावलं की गप बसते."

तिने काडी पुन्हा तापवली, सरळ केली, मुलीच्या कानामागे बसवून बघितली, खाली वाकायला लावलं, मान हलवायला लावली. चष्मा घसरला नाही. मुलगी पैसे देऊन निघून गेली आणि तो आवाज मात्र दुकानातच राहिला, चौकटींच्या रांगांमधून हिंडत. मुलगी आपल्याला काकू म्हणाली हे तिला मागाहून जाणवलं आणि बरं वाटलं. समोर येणारे सगळे काकूच म्हणत. फोनवरचे काका म्हणत. 'काका, माझा चष्मा झाला का?' पहिले काही दिवस ती सांगायची, अहो, मी काका नाही. मग पलीकडचा माणूस इतका ओशाळायचा, इतकी माफी मागायचा की चष्म्याचं राहूनच जायचं. शेवटी तिने काका व्हायचं ठरवलं. 'झालाय रे बाळा, ये घेऊन जा.' धंद्याला काकांचा फायदाच झाला म्हणायचा. काकांशी कुणी घासाघीस करत नाही.

गळ्यात गाठ होती. ती काढली, आणि साधी निघाली. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा तिने तिथल्या तिथे डोळे मिटून वर हात जोडले होते, आणि नवऱ्याने आनंदाच्या भरात डॉक्टरांना त्यांच्याच पेल्यातलं पाणी पाजलं होतं. फक्त गाठ निघता निघता शेजारच्या एका नसेला धक्का बसला. आवाज परत येईल, डॉक्टर म्हणाले, वाट बघा. तिने वाट बघितली. आणि आवाज आला तो दुसराच आला. स्टेशनवर भाच्याला घ्यायला जावं आणि गाडीतून भाच्याच्या ऐवजी एखादा पोलादी मिशांचा परका गृहस्थ उतरावा, सरळ आपल्या हातात बॅग द्यावी आणि म्हणावं, चला घरी. "समुद्रसपाटीला आलीस," नवरा म्हणाला होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि निवृत्त झाल्यापासून तो विषय घरातच शिकवत होता. "इतकी वर्षं शिखरावर होतीस. खाली हवामान बरं असतं." ती हसली होती. नंतर न्हाणीघरात नळ मोठा सोडून तिने एकच ओळ म्हणून बघितली होती, आणि जे काही बाहेर आलं ते ऐकून नळाखालची बादली भरून वाहू लागली तरी तिचा हात हलला नव्हता. त्यानंतर ती गायली नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, आता खुशाल गा. घरी येऊन तिने एवढंच सांगितलं की बोलायला हरकत नाही म्हणाले.

आणि परवा बुवांच्या सुनेचा फोन आला होता. बुवा म्हणजे दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात गात गात देवाचं बोलणारे वृद्ध गृहस्थ. त्यांचं बोलणं ऐकायला येणारी माणसं गाण्यासाठी यायची आणि बोलणं घेऊन जायची, किंवा उलट. बुवा एखादी गोष्ट सांगता सांगता ओळ उचलत, ओळ वर चढवत, आणि त्यांचा श्वास जिथे तुटेल तिथे मागे उभ्या असलेल्या माणसाने ती अलगद झेलायची, पुढे न्यायची, आणि बुवांनी दम घेतला की पुन्हा त्यांच्या हातात द्यायची. जोड दिसता कामा नये. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की एकच कुणीतरी न थांबता गातंय आणि त्या कुणाला श्वासाची गरजच नाही. मागे उभं राहायचं ते काम आजवर तिचं होतं. दुकानाचं शटर, तपासणीची खुर्ची, नंबर मोजायचं यंत्र हे सगळं पोटाचं. पण रविवारी त्या माणसाच्या पाठीशी उभं राहिलं की तिला वाटायचं, आपण देवाच्या घरात दिवा धरून उभ्या आहोत. दिवा धरणाऱ्याला कुणी बघत नाही, पण त्याच्यावाचून कुणाला काही दिसतही नाही. तिच्या दुखण्यात बुवा नुसते बोलत होते. आता सून सांगत होती, "येत्या रविवारी तुम्ही मागे असाल तर गाणार म्हणतात. नाहीतर गाणं बंद. कायमचं. म्हणाले, नुसतं बोलायचंच असेल तर लोकांनी घरी बसून पुस्तक वाचावं, चपला तरी झिजायच्या नाहीत. ताई, मी काय सांगू त्यांना?" शनिवारी सांगते, ती म्हणाली. काय सांगायचं ते ठरलेलंच होतं. फक्त 'नाही' हा शब्द त्या नव्या आवाजात कसा ऐकू येईल याचं तिला भय वाटत होतं.

दुपारी दुकान बंद करून ती घरी आली, आतल्या खोलीत पलंगावर बसली आणि फोनवर ते गाणं शोधू लागली. शोधायला फार लागलंच नाही. एकाचे दहा निघाले. एकात ते इतकं पळवलं होतं की कोंबड्यांच्या खुराड्यात साप शिरल्यासारखं वाटत होतं. एक उलटं होतं, शेवटाकडून सुरुवातीकडे, आणि त्यात ती चांदीच्या आवाजाची बाई जणू बोललेला प्रत्येक शब्द गिळून टाकत होती. एक पावसाच्या आवाजाखाली होतं. एकाचं नावच होतं, 'हे गाणं रिकाम्या घरात लावू नका'. तिने ते लावलं. घर रिकामं नव्हतं. बाहेर नवरा भांडी घासत होता, तो आवाज येत होता. तिला आता भीती वाटत नव्हती, म्हणजे वाटत होती, पण लहानपणी गोधडीतून एक डोळा बाहेर काढून वाटायची तशी, पोटात गुदगुल्या होणारी. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. कुणी लिहिलं होतं, माझं मांजर पळून गेलं. कुणी लिहिलं होतं, मला याच्यावर छान झोप लागते. आणि एकाने लिहिलं होतं, 'आई हे गाणं म्हणायची. ती गेल्यापासून मूळ गाणं ऐकवत नाही, घशात येतं. हे ऐकवतं. असं वाटतं ती लांबून म्हणतेय.' त्या ओळीवर ती थांबली. बोट पुढे सरकेना. कुणाचा कोण तो, त्याच्या घरातली एक म्हातारी, आणि तिला ऐकण्यासाठी त्याने हा चिखल जवळ केलेला. मग तिने ते सगळ्यात पहिलं, दुकानात ऐकलेलं शोधून काढलं, फोन उशीवर ठेवला, डोळे मिटले आणि अगदी शेवटपर्यंत ऐकलं. त्या संथ गाण्यात मधे मधे इतकी जागा होती की तिला बुवांबरोबर म्हटलेल्या ओळी त्यात दिसू लागल्या. कारण बुवांनी हीच चाल उचलली होती. ज्या वर्षी गाणं गाजलं त्याच वर्षी त्यांनी एका रविवारी अचानक याच चालीवर सुरू केलं होतं, 'काळीज उघड ना, गड्या, बाहेर देव उभा', आणि खुर्च्यांमधली माणसं एकमेकांकडे बघून हसू लागली होती, आणि मग हसता हसता गाऊ लागली होती. त्यातला 'उभा' तिचा. तो ती वर, वर, छताला टेकेल इतका वर धरायची.

गाणं संपलं. डोळे उघडले तर दारात नवरा उभा. हाताला साबणाचा फेस, फेसाचा एक थेंब चष्म्यावर, आणि त्याच्या मागचा डोळा भरून आलेला.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "मी जातो. मी मुद्दाम नळ बंद करून ऐकत होतो. आत आलो नाही, म्हटलं आत गेलो की थांबशील."

तिला काही कळेना. "काय ऐकत होतात?"

"तुला. इतक्या दिवसांनी गायलीस. वरचं गेलं असेल गं, पण खाली केवढी जागा झालीय! मला तर वाटलं, एखाद्या गुहेत दिवा घेऊन कुणीतरी सावकाश आत आत चाललंय. आणि शब्द किती सावकाश घेतलेस. घाईच नाही कसली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला इतका राग आला की उशी फेकून मारावी. इतक्या वर्षांचा संसार, आणि या माणसाला आपला आवाज आणि भुताचा आवाज वेगळा कळू नये! मग त्या रागाच्या बुडाशी काहीतरी हललं, पोटातून वर आलं, आणि ती हसू लागली. हसणंही आता जाडच यायचं, ढोलात वाटाणे टाकून हलवल्यासारखं. तिने उशीवरचा फोन उचलून त्याच्यापुढे धरला आणि पुन्हा सुरू केला. 'खिडकी… उघड ना…' नवऱ्याने फोनकडे बघितलं, चित्रातल्या बिनडोळ्यांच्या बाहुलीकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे सरकला.

"अरे बाप रे. हे काय आहे?"

"भूत आहे."

"म्हणजे तू नव्हतीस?"

"मी नव्हते."

"मग मी कुणासाठी रडलो?"

"भुतासाठी."

तो पलंगावर बसला, फेसाचे हात चादरीला पुसले, तिने काही म्हटलं नाही. जरा वेळाने तो म्हणाला, "पण खोटं नाही सांगत. छानच वाटलं होतं." मग अगदी शिक्षकासारखा, "आता तू सांग. भूत गायलं तर मी रडतो. तू गात नाहीस, तर मी नुसती भांडी घासतो. यात फायदा कुणाचा?" तो उठला. "बुवांना नाही म्हणायचं तर फोनवर म्हणू नकोस. समोर जाऊन म्हण. आणि हे ऐकव त्यांना. त्यांचं काय मत पडतं बघू. माझं मत तसंही भुताच्या बाजूने आहे."

शनिवारी दुपारी ती निघाली. रस्ता रुंद होता, ऊन कोवळं होतं, एका इमारतीच्या खिडक्या पुसणारा माणूस दोराला लटकून शीळ घालत होता. चालता चालता तिला आपली गिऱ्हाइकं आठवत होती. नवा नंबर लागला की माणूस दुसऱ्या दिवशी तणतणत येतो. जमीन उतरती दिसते, पायरी वर आल्यासारखी वाटते, बायकोचं डोकं मोठं दिसतं, तुम्ही चुकीची काच बसवलीत. ती नंबर तपासून बघायची, बरोबर असायचा. मग ती सगळ्यांना एकच सांगायची, चार दिवस घाला, काढू नका, मग या. चौथ्या दिवशी कुणी येत नसे. आणि आपण? न्हाणीघरात एक ओळ, तीही नळाच्या आवाजाखाली, आणि नवा आवाज काढून ठेवला. एखाद्या गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर तिने त्याला चांगलं झापलं असतं. हे मनात आलं आणि तिचं पाऊल जरा झपाझप पडू लागलं, पण बुवांच्या जिन्यापाशी पुन्हा मंदावलं. कारण आवाज तिचा एकटीचा नव्हता. त्यावर एका म्हाताऱ्या माणसाचं गाणं टांगलेलं होतं.

बुवा खुर्चीत बसले होते, पाय गरम पाण्याच्या टबात. सुनेने दार उघडलं आणि चहा टाकायला आत गेली.

"नाही म्हणायला आलीस ना?" बुवा म्हणाले. "हो असतं तर फोनवरच म्हणाली असतीस."

"बुवा, आधी हे ऐका."

बुवांचा डावा कान कामातून गेला होता. तिने उजव्या बाजूला वाकून फोन धरला. खोलीभर तो आवाज पसरला. बुवा भुवया उंचावून ऐकत होते. आतून सून घाबऱ्या घाबऱ्या ओरडली, "बाबा! बरं वाटत नाहीये का?"

"मी बरा आहे! भूत आलंय!"

"मग चहा दोन टाकू की तीन?"

"तीनच टाक!" बुवांनी पायाने पाणी हलवलं. "कुणी केलं गं हे? पापी माणूस दिसतो." आणि मग स्वतःशीच हसू लागले. "मलाही असंच म्हणाले होते. ही चाल मी देवाला लावली तेव्हा सभागृहाचे चिटणीस म्हणाले, बुवा, देवाला बाजारातला अंगरखा चढवलात. म्हटलं, त्याला थंडी वाजत असेल तर तो कापड कुठलं ते विचारत नाही."

"बुवा, माझा आवाज आता असा झालाय. अगदी हा. मी मागे उभी राहिले तर पुढच्या रांगेतली लेकरं रडतील."

"अगदी असा?"

"अगदी असाच. घरच्या माणसालाही फरक कळला नाही."

"मग पुन्हा लाव."

तिने लावलं. बुवांनी शेजारची पेटी ओढली आणि सूर शोधू लागले. बोटं नेहमीच्या जागेवरून सुरू झाली आणि डावीकडे सरकत गेली, आणखी डावीकडे, जिथे ती कधी गेलेली तिने बघितली नव्हती. "या बाजूला नुसती धूळ," ते पुटपुटले. मग सूर सापडला. भूत आणि पेटी एकमेकांत मिसळली. "आता याला थांबव. याला काही कामधंदा नाही, हा सावकाश गाईल. आपल्याला रविवारी लोकांना जेवायला घरी सोडायचं असतं." तिने फोन बंद केला. बुवांनी डोळे मिटले आणि त्या खालच्या सुरावर, आपल्या नेहमीच्या चालीत, सुरू केलं. 'काळीज उघड ना, गड्या, बाहेर देव…' आणि 'उभा' पर्यंत गेले. एका दमात. तिथे टेकले. डोळे उघडून तिच्याकडे असं बघितलं की जणू खिशात विसरलेली किल्ली सापडली.

"अगं, श्वास उरला!"

"बुवा, मग तुम्ही इतकी वर्षं त्या वरच्या पट्टीत का गात होता?"

"तुझ्यासाठी. तुझा तो 'उभा' वर गेला की लोक खुर्चीतून उठायचे. म्हटलं, हिला तिथे पोचायचं तर मला शिडी लावायला हवी. लावली. मग तिथेच बसलो. उतरायचं कसं तेच विसरलो. दम लागायचा, पण तू झेलत होतीस."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगणार? की बाई, जरा वाईट गा?"

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलंही नाही. इतक्या रविवारांत आपण त्यांचा भार उचलतो असं तिला वाटत होतं. आणि तो म्हातारा तिला खांद्यावर घेऊन उभा होता. दोघांनी एकमेकांना उचलून धरलेलं, आणि दोघांनाही वाटत होतं आपणच खाली आहोत. देवाला हे सगळं वरून कसं दिसत असेल या कल्पनेने तिला पुन्हा हसू आलं.

"मागे उभी राहा," बुवा म्हणाले. "समोरून काय करतेयस? मी काय चष्मा करायला आलोय?"

ती त्यांच्या खुर्चीमागे गेली. समोर त्यांचे खांदे, विरलेल्या सदऱ्यातले. श्वास संपत आला की ते किंचित वर उचलले जात. हेच बघून ती ओळ घेत असे. बुवांनी सुरू केलं. खालचा सूर, रुंद, बसायला जागा असलेला. ओळ पुढे सरकली, 'बाहेर देव' पर्यंत आली. खांदे जागचे हलले नाहीत. श्वास होता त्यांच्याकडे, भरपूर होता, आत्ताच तिने ऐकला होता. तरी ते थांबले.

तिने 'उभा' घेतला. जाडच आला, ओलाच आला, कडेला जरा खरखरला, आणि मग टेकला. आतली कपबशी वाजायची थांबली. तिने तो धरून ठेवला, आणि बुवांनी परत घ्यावा म्हणून हलकेच पुढे केला. बुवांनी घेतला नाही. ते टबातल्या निवत चाललेल्या पाण्यात पायाने ताल धरून बसले होते. पुढची ओळ खरं तर त्यांची होती. तीही तिनेच म्हटली.